मोटारीची सोंड आणि नदीचा उतार

अश्दोद येथील एका वाचक भगिनीने आम्हांस पत्राने एक प्रश्न विचारला आहे. त्यांचा भाचा मूळचा ठाण्याचा. नोकरीनिमित्त तो अबू धाबीस गेला आणि पत्नी व दोन लहान मुलांसह तेथील अल रीम आयलंडवर राहतो. त्याने एक जुनी परंतु दणकट, चारही चाकांना जोर देणारी मोटार विकत घेतली असून तिला आता तो ‘स्नॉर्केल’ बसविणार आहे. आत्याबाईंना त्याने छायाचित्र पाठविले आणि सोबत कळविले की, ही नळी एकदा बसली म्हणजे पाण्याची भीती उरली नाही. पाऊस पडला की मुलांना डोंगरातल्या वादीतून फिरवून आणणार. आत्याबाईंचा प्रश्न एका ओळीचा आहे: ही नळी बसविली म्हणजे मुले सुरक्षित झाली काय?

प्रश्न एका घरचा असला तरी काळजी अनेक घरांची आहे. दिमोना, बेर शेवा, येरुहाम या भागांतील आपल्या कित्येक कुटुंबांतील तरुण सुट्टीच्या दिवशी जीप घेऊन नेगेवच्या ओढ्यानाल्यांत उतरतात. आमचे आयुष्य खडू आणि फळा यांच्या संगतीत गेले, गॅरेजात नव्हे. तथापि हवा, पाणी आणि वजन हे तिन्ही विषय शाळेतलेच आहेत, आणि आत्याबाईंच्या प्रश्नाचे उत्तर त्या तिहींत मिळते. ते आधीच सांगून टाकतो. नळी उपयोगाची वस्तू आहे. ती नीट बसविली तर इंजिन वाचते. मुलांना वाचविण्याचे काम मात्र ती करू शकत नाही. ते काम पाण्याच्या काठी उभ्या असलेल्या चालकाच्या शहाणपणावर सोपविलेले आहे.

प्रथम स्थळाचा परिचय. अल रीम हे अबू धाबी शहराच्या ईशान्येस, किनाऱ्याला अगदी लागून असलेले बेट आहे. पुलांनी ते शहराशी जोडलेले आहे. गेल्या काही वर्षांत तेथे उंच मनोऱ्यांची वस्ती उभी राहिली. सोरबोन विद्यापीठाची अबू धाबीतील शाखाही याच बेटावर आहे. भोवताली खाडी आणि शहराच्या आसपास तिवरांची वने असल्यामुळे रेवदंडा-अलिबागकडच्या माणसाला पाहताक्षणी ओळखीचे वाटावे असे ते दृश्य आहे. गुळगुळीत रस्त्यांच्या अशा बेटावर नदी ओलांडण्याची नळी कशासाठी, असे कोणी विचारील. कारण असे की तेथील लोक शनिवार-रविवारी शहरात बसत नाहीत. दक्षिणेस वाळूच्या टेकड्या आहेत आणि पूर्वेस, सुमारे तीन तासांच्या अंतरावर, फुजैरा व रास अल खैमा यांच्या बाजूला हजर पर्वत आहे. त्या पर्वतातील कोरड्या नद्यांना वादी म्हणतात. आपण इकडे ज्याला नाहाल म्हणतो तीच ती. वर्षाचे बहुतेक दिवस तेथे दगडगोटे असतात. पाऊस पडला की घटकाभरात नदी होते.

आता नळीचे शास्त्र पाहू. मोटारीचे इंजिन इंधन जाळते, आणि जाळण्यासाठी त्याला अखंड हवा लागते. ही हवा घेण्याचे तोंड बहुतेक मोटारींत पुढच्या मडगार्डाच्या आत किंवा पुढील जाळीच्या मागे, साधारण दिव्यांच्या उंचीवर असते. मोटार पाण्यात शिरली आणि पाणी त्या तोंडापर्यंत चढले की इंजिन हवेऐवजी पाणी ओढते. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. सारा अनर्थ यातून होतो.

याचा हिशेब सोपा आहे. चार सिलिंडरांचे २.८ लिटरचे डिझेल इंजिन घ्या. प्रत्येक सिलिंडर ७०० मिलिलिटरचा झाला. अशा इंजिनात हवा सुमारे सोळापट दाबली जाते, म्हणजे पिस्टन वर गेल्यावर उरणारी जागा अवघी ४७ मिलिलिटरच्या आसपास असते. लहान वाटीत मावेल इतके पाणी जरी आत गेले तरी पिस्टनला वर जाण्यास जागा राहत नाही. मागून गाडीचा वेग ढकलीत असतो, पुढे पाणी हटत नाही. मधला कनेक्टिंग रॉड वाकतो, कधी मोडून इंजिनाच्या अंगातून बाहेर येतो. पेट्रोल इंजिनात ही जागा थोडी अधिक असते, एवढाच फरक. कारागीर याला इंजिन ‘लॉक’ झाले असे म्हणतात. दुरुस्तीचा खर्च पुष्कळदा जुन्या गाडीच्या किमतीला भिडतो.

उपाय निसर्गाने पूर्वीच दाखविलेला आहे. हत्ती खोल नदी पोहून जाताना सोंड पाण्यावर उभी धरतो आणि तिच्यातून श्वास घेतो. माणसाने यंत्राला ही सोंड लावली ती प्रथम पाणबुडीत. १९३०च्या दशकात हॉलंडच्या आरमाराने पाणबुडीचे डिझेल इंजिन पाण्याखाली चालावे म्हणून वर-खाली होणारी हवेची नळी तयार केली. १९४० साली जर्मनांनी हॉलंड घेतले तेव्हा ती युक्ती त्यांच्या हाती पडली, आणि पुढे त्यांनी आपल्या पाणबुड्यांना ती बसविली. स्नॉर्केल हे नाव त्यांच्याच भाषेतून आले. १९४४ साली नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरलेल्या दोस्तांच्या अनेक जीप आणि ट्रक यांनाही समुद्रातून चालत येता यावे म्हणून अशा उंच नळ्या जोडलेल्या होत्या. पुढे ऑस्ट्रेलियासारख्या देशांत लांब पल्ल्याच्या प्रवाशांनी ती आपलीशी केली.

स्नॉर्केल बसविण्याचे काम दिसते तितके किरकोळ नाही. मडगार्डावर कागदाचा साचा चिकटवून छिद्रांच्या जागा आखतात. मग मोटारीच्या धडधाकट पत्र्याला मोठे भोक पाडतात. म्हणून मोजमाप दोनदा करावे आणि यंत्र एकदा चालवावे, हा सुतारी नियम येथेही लागू आहे. कापलेल्या कडेला गंजरोधक रंग दिलाच पाहिजे. समुद्रकाठच्या खाऱ्या हवेत उघडा पत्रा फार दिवस टिकत नाही. मग जाड प्लॅस्टिकची नळी मडगार्डावर घट्ट करून पुढील काचेच्या बाजूच्या खांबाला पट्टीने आवळतात आणि तिचे तोंड छपराच्या उंचीवर नेतात. आतील टोक रबरी नळीने हवेच्या गाळणीच्या डब्याला जोडतात.

खरी परीक्षा या जोडांची असते. छपरावर तोंड आणि मडगार्डाच्या आत फट, अशी नळी निव्वळ शोभेची होय. पाणी फटीतून शिरणारच. गाळणीच्या डब्याच्या तळाला पाणी निथळण्यासाठी कारखान्याने छिद्र ठेवलेले असते. ते बंद करावयाचे किंवा त्याला एकाच दिशेने उघडणारी रबरी झडप लावावयाची, हे अनेकजण विसरतात. काम झाल्यावर इंजिन सुरू ठेवून नळीचे वरचे तोंड जाड फळीने क्षणभर झाकावे. सर्व जोड बंद असतील तर इंजिनाचा श्वास कोंडून ते आचके देऊ लागते आणि बंद पडते. तोंड झाकूनही ते खुशाल चालत राहिले तर ते कोठून तरी दुसरीकडून हवा ओढीत आहे, आणि उद्या तेथूनच पाणी ओढील. ही परीक्षा ग्राहकाने गॅरेजात आपल्या डोळ्यांदेखत करवून घ्यावी.

शिवाय श्वास घेणारे एकटे इंजिन नसते. गिअरपेटी, पुढच्या-मागच्या आसांवरील डिफरन्शियल यांनाही आतील हवा प्रसरण पावून बाहेर जाण्यासाठी लहान श्वासछिद्रे असतात. लांब रस्त्यावरून तापून आलेला आस एकाएकी थंड पाण्यात बुडाला की आतील हवा आकसते आणि त्या छिद्रातून किंवा जुन्या सीलमधून पाणी ओढले जाते. तेल दुधासारखे पांढरट होते आणि दात झिजू लागतात. ज्यांच्या पूर्वजांनी कुलाब्याच्या गावोगावी घाणे चालविले, त्यांना तेलात पाणी पडल्यावर ते तेल कशाच्या लायकीचे उरते हे आम्ही काय सांगावे? म्हणून या छिद्रांनाही बारीक नळ्या जोडून त्यांची तोंडे इंजिनाच्या वरच्या भागात नेतात. स्नॉर्केलच्या मानाने हा खर्च थोडा आहे, पण बाहेरून दिसत नाही म्हणून राहून जातो.

हेही सांगितले पाहिजे की अल रीमसारख्या ठिकाणी राहणाऱ्याला या नळीचा नित्याचा उपयोग पाण्यापेक्षा धुळीत अधिक आहे. वाळवंटात एकामागे एक गाड्या चालल्या की पुढच्या चाकांनी उडविलेली धूळ मागच्या गाडीच्या मडगार्डाच्या उंचीवर दाट असते, छपराच्या उंचीवर विरळ. तोंड वर गेल्याने गाळणी उशिरा भरते. भाच्याने एवढ्यासाठी नळी बसविली तर आत्याबाईंनी त्याला दोष देऊ नये. खटकते ते त्याचे दुसरे वाक्य, पाण्याची भीती उरली नाही हे.

वाचकहो, येथे एक गोष्ट ध्यानी घ्यावी. पुण्याच्या फोर्स मोटर्सने २०२१ साली नव्या स्वरूपात आणलेल्या ‘गुरखा’ गाडीला स्नॉर्केल कारखान्यातूनच बसवून दिले. ती गाडी दोन मीटरांहून उंच आहे आणि नळीचे तोंड जवळजवळ छपराशी आहे. मग ती किती खोल पाण्यात न्यावी असे कारखाना सांगतो? ७०० मिलिमीटर, म्हणजे सत्तर सेंटिमीटर. महिंद्राची २०२० साली आलेली थार, जिला अशी नळी नाही, तिची मर्यादा ६५० मिलिमीटर सांगितली गेली. केवळ पाच सेंटिमीटरांचा फरक! ज्याने नळी बसविली तोच कारखानदार नळीच्या तोंडाच्या कितीतरी खाली थांबावयास सांगतो, यामागे कारण असले पाहिजे.

ते कारण वजनाचे आहे. मोटार ही बंद पेटी असते, आणि बंद पेटी पाण्यावर तरंगते. ढोबळ हिशेब करू. मोटार अडीच हजार किलोची. तिच्या बसण्याच्या भागाचा तळ जमिनीपासून चाळीस सेंटिमीटरांवर, तळाचे क्षेत्र सुमारे पाच चौरस मीटर. पाणी तळाला लागल्यावर पुढे चढणारे प्रत्येक दहा सेंटिमीटर पाणी मोटारीला पाचशे किलोंनी वर उचलते. पाणी ऐंशी सेंटिमीटर झाले की दोन हजार किलो उचलले गेले. चाकांखाली भार उरला तो पाचशे किलोंचा. आणखी दहा सेंटिमीटर चढले की तोही संपला. दारांच्या फटींतून पाणी आत येते म्हणून प्रत्यक्षात थोडे मागे-पुढे होईल, पण तत्त्व बदलत नाही. इंजिन मोठ्या ऐटीत श्वास घेत असते, चाके फिरत असतात, आणि मोटार मात्र जमिनीला टेकलेली नसते. अशा वेळी चालकाच्या हातातील चक्राला काही अर्थ उरत नाही.

हे झाले स्थिर पाण्याचे. वाहत्या पाण्याचा रेटा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो: वेग दुप्पट, तर रेटा चौपट. भार हलका झालेल्या मोटारीला बाजूने असा रेटा बसला की ती सरकते, खोलगटात जाते आणि कुशीवर पडते. अमेरिकेचे हवामान खाते लोकांना बजावते की वाहते पाणी एक फूट असेल तर बहुतेक लहान मोटारी वाहून जाऊ शकतात आणि दोन फूट असेल तर उंच, जड गाड्याही. दोन फूट म्हणजे साठ सेंटिमीटर, कारखान्याच्या सत्तर सेंटिमीटरांहूनही कमी. कारण कारखान्याचा आकडा संथ पाण्याचा आणि घट्ट तळाचा असतो. विजेवर चालणाऱ्या नव्या मोटारींना हवेची नळी लागतच नाही, पण म्हणून त्या तरंगावयाच्या थांबत नाहीत.

शास्ते यांच्या पुस्तकातील सीसरा सेनापतीची कथा आपणा सर्वांस ठाऊक आहे. नऊशे लोखंडी रथ त्याच्यापाशी होते. कीशोन ओढ्याला पूर आला आणि त्या लोखंडाचा काही उपयोग झाला नाही. ती कथा फार जुनी आहे. अलीकडच्या घटना पाहू.

२०२४ च्या एप्रिलमध्ये ओमान आणि संयुक्त अरब अमिराती या दोन्ही देशांवर अतोनात पाऊस कोसळला. १४ एप्रिल रोजी ओमानमध्ये शाळकरी मुलांना नेणारे एक वाहन वादीच्या पुरात वाहून गेले आणि त्यात दहाच्या आसपास मुले दगावली. सारा जन्म मुलांत घालविलेल्या माणसाला ही बातमी वाचून पुढे जाववत नाही. १६ एप्रिलला अमिरातीत १९४९ पासूनच्या नोंदींतील सर्वांत मोठा पाऊस झाला. अबू धाबी राज्यातीलच अल ऐन भागात खत्म अल शक्ला येथे चोवीस तासांच्या आत २५४.८ मिलिमीटर पाणी पडले. दुबईच्या रस्त्यांवर कितीतरी मोटारी पाण्यात सोडून द्याव्या लागल्या, आणि रास अल खैमात एक वृद्ध गृहस्थ मोटारीसह वादीत वाहून गेले. त्यापूर्वी, २०२२ च्या जुलैत, फुजैराच्या पुरात सातजण मृत्युमुखी पडले होते. ते सातही आशियातून आलेले परदेशस्थ होते, म्हणजे त्या भाच्यासारखेच पोटासाठी तेथे गेलेले लोक.

तेथील सरकारने कायदा कडक केला आहे तो यामुळेच. २०२३ च्या मे महिन्यात ठरले की पावसात वादी, पूरग्रस्त जागा वा धरणांपाशी जमणाऱ्यास एक हजार दिरहॅम दंड आणि सहा काळे गुण. आणि पाणी वाहत असलेल्या वादीत मोटार घालणाऱ्यास, धोका थोडा असो वा फार, दोन हजार दिरहॅम दंड, तेवीस काळे गुण आणि साठ दिवस मोटार जप्त. म्हणजे भाच्याने आत्याबाईंना कळविलेला बेत सुरक्षित आहे किंवा नाही हा प्रश्न बाजूस ठेवला तरी तो बेकायदेशीर आहे. परदेशात नोकरीवर असलेल्या माणसाने तरी हे विसरू नये. नळी बसविण्यापूर्वीही तेथील वाहन-परवाना कार्यालयात चौकशी करावी. मोटारीच्या मूळ रचनेत मनाजोगता फेरफार करणे पुष्कळ देशांत चालत नाही. भारतात १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२वे कलम त्यासाठी आहे, आणि आपल्याकडेही वार्षिक टेस्टच्या वेळी असा फेरफार अडविला जाऊ शकतो. विमा कंपनीलाही आधी लेखी विचारलेले बरे.

वादीचा पूर हा आपल्या कोकणातल्या पुरासारखा नसतो, हे वडीलधाऱ्यांनी तरुणांना समजावून दिले पाहिजे. कोकणात आधी आभाळ भरते, दोन दिवस झोडपते, मग नदी फुगते. माणसाला सूचना मिळते. उघड्या खडकाच्या डोंगराला पाणी शोषण्याइतकी माती नसते, आणि नेगेवमधील पिवळसर माती पहिल्या सरीबरोबर वरून लिंपल्यासारखी बंद होते. पडलेले सर्व पाणी तसेच ओढ्यात धावते. पाऊस दूर डोंगरात पडतो, खाली ऊन असते, आणि पाण्याची भिंत दगडधोंडे घेऊन येते. २६ एप्रिल २०१८ रोजी नाहाल त्साफीतमध्ये दहा तरुण जीव गेले, नऊ मुली आणि एक मुलगा. ती मुले मोटारीत नव्हती, पायी होती. परंतु पाणी तेच आणि अवधी तितकाच थोडा. कोरड्या वादीतही तळ ठोकू नये, ढग दिसताच उंचावर जावे, हे त्यामुळे.

कोकणातही पाण्याने कमी धडे दिलेले नाहीत. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरील १९२८ सालचा पूल पुरात कोसळला आणि दोन एस.टी. बसगाड्यांसह काही मोटारी नदीत गेल्या. चालकांना अंधारात पुढचा रस्ता आहेसा वाटला. तो तेथे नव्हता. वरून पाणी वाहत असलेल्या कोणत्याही रस्त्याचे असेच आहे. खाली डांबर शाबूत आहे की वाहून गेले, हे पाण्यावरून दिसत नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा मुंबईत काहीजण मोटारीच्या बंद काचांआड गुदमरून मेले. काचा विजेवर चालणाऱ्या, दारे आपोआप कुलूप लागणारी. पाण्याने वीज गेली आणि पेटी बंद झाली. २९ ऑगस्ट २०१७ रोजी त्याच शहरात एक नामवंत डॉक्टर तुंबलेल्या पाण्यातून पायी घरी जाताना उघड्या मॅनहोलमध्ये पडून गेले. म्हणून अल रीमच्या रस्त्यांवर वा शहरातील भुयारी मार्गांत पाणी साचले तरी, माझ्या गाडीला नळी आहे, असे म्हणून त्यात शिरणे योग्य नव्हे. आपल्या उंच गाडीने उठविलेली लाट शेजारच्या लहान मोटारीत आणि तळमजल्यावरच्या दुकानांत शिरते, हाही विचार असावा.

आमच्या मराठीत नदी ओलांडण्याच्या जागेला ‘उतार’ असा सुंदर शब्द आहे. जुने गाडीवान नदीकाठी येत, बैल थांबवीत आणि काठच्या माणसाला विचारीत, “उतार आहे का?” मग एकजण काठी घेऊन पाण्यात उतरे, गुडघ्यापर्यंत पाणी, खाली घट्ट वाळू, धार मंद, असे कळले की गाडी घालीत. उतार नसेल तर रात्र काठावर काढीत. त्यांना भित्रे म्हणावे असे कोणाला वाटत नसे. मोटारीला सोंड आली तरी उतार विचारण्याची रीत सोडण्याचे कारण नाही.

ज्यांना संथ, उथळ पाणी ओलांडणे भागच आहे, त्यांच्यासाठी जाणते चालक पाळतात ते नियम थोडक्यात देतो.

एक: मोटार थांबवून खाली उतरावे आणि पाणी पाहावे. पाणी गढूळ, फेसाळ किंवा काटक्या-झुडपे वाहून आणणारे असेल तर परत फिरावे. काठावर खूण म्हणून एक दगड ठेवावा. थोड्या वेळात तो बुडाला तर पाणी चढत आहे.

दोन: जे पाणी पायी ओलांडण्याची आपली छाती होत नाही, त्यात मोटारही घालू नये. पाणी संथ व स्वच्छ असेल तर काठीने तळ चाचपावा.

तीन: मुलांना काठावर उंच जागी दुसऱ्या मोठ्या माणसाबरोबर उभे करावे. एका वेळी एकच मोटार जावी, आणि ओढण्याचा दोर पाण्यात शिरण्यापूर्वीच हुकाला बांधून ठेवावा. चिखलात बुडालेला हूक शोधणे फार कठीण.

चार: काचा खाली, दारांची कुलपे उघडी. खालच्या गिअरात, माणूस चालतो त्या गतीने, न थांबता जावे. पुढे एक लहान लाट तयार होते, तिच्या मागे राहावे. मध्येच गिअर बदलू नये आणि वेग वाढवून पाणी उडवू नये.

पाच: मोटार पाण्यात बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारू नये. आत पाणी गेले असेल तर त्या एका प्रयत्नाने रॉड वाकतो. ती बाहेर ओढून, स्पार्क प्लग किंवा डिझेलचे इंजेक्टर काढून आधी पाणी बाहेर घालवावे लागते, आणि ते काम कारागिराचे आहे. पाणी चढू लागले तर मोटारीचा मोह सोडून माणसांनी बाहेर पडावे.

सहा: पलीकडे गेल्यावर ब्रेक हलके दाबीत थोडे अंतर जावे, म्हणजे ते सुकतात. घरी आल्यावर इंजिन, गिअरपेटी व आस यांचे तेल पाहावे. पांढरट दिसले तर लगेच बदलावे.

आत्याबाईंनी भाच्याला काय लिहावे? आमच्या मते नळी बसवू नको असे लिहू नये. तरुण माणसाला नुसता नकार पाठविला तर तो पत्र मिटवून ठेवतो. असे लिहावे: परवानगी घेऊन नीट बसव, जोड तपासून घे, धुळीपासून इंजिनाचे रक्षण कर. पाऊस नसताना मुलांना वादी शौकाचे दगड दाखव, हजर पर्वतातील खजुरीच्या बागा दाखव. आभाळ भरले असेल त्या दिवशी घरी राहा आणि खाडीतल्या तिवरांकडे बोट करून त्यांना सांग की तुमच्या पणज्यांच्या गावी अशीच झाडे होती. आणि एखाद्या वेळी पाण्याच्या काठावर सोबतच्या चार गाड्या पुढे गेल्या आणि तुझी एकटी मागे फिरली, तर त्यात कमीपणा मानू नकोस. मागे बसलेली दोन मुले त्या वेळी तुझ्याच निर्णयावर अवलंबून आहेत.

नेगेवमध्ये पावसाचे दिवस आले की पुराच्या सूचना आकाशवाणीवर आणि हातातल्या फोनवर येतात. घरातील तरुण जीपची किल्ली उचलण्यापूर्वी ती सूचना एकदा मोठ्याने वाचून दाखविण्याचे काम वडीलधाऱ्यांनी आपल्याकडे घ्यावे, एवढी विनंती करून हे टिपण पुरे करतो.